साक्षात्कार झालेल्या माणसाला जग 'जसं आहे तसं' दिसतं का?

खिडकीजवळची

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमचे बाबा ७६ वर्षांचे. गिरगावात चाळीत वाढले, सगळी नोकरी बेस्टमध्ये झाली, आता आम्ही बोरिवलीला असतो. तिशीपासून रोज पहाटे ध्यानाला बसतात, माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बसले होते. मागच्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आलो, ते पलंगावर बसले, चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही निळी आहे?" मी म्हटलं बाबा, चार वर्षं झाली घेऊन, निळीच आहे. तर म्हणे मी तिला राखाडी समजत होतो. मग किती तरी वेळ एक डोळा झाकून बघ, दुसरा झाकून बघ असं चाललं होतं. मला भरून आलं ते बघून.

संध्याकाळी त्यांच्या सत्संगातले एक काका भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले की ज्ञान झालेल्या माणसाला जग जसं आहे तसं दिसतं, त्याच्या बघण्यात चूक होतच नाही. मी पटकन बोलून गेले, "मग चादर?" काका म्हणाले ते देहाचे धर्म, ते वेगळं. ठीक आहे. पण मग दहा मिनिटांनी तेच काका सांगत होते की आमच्या महाराजांना सगळं दिसतं, मुलाने पालघरला प्लॉट घ्यावा की नाही हे पण त्यांनाच विचारलं. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. साक्षात्कार होतो असं मी मानते, थट्टा करायला हा धागा काढलेला नाही. पण तो झाल्यावर नक्की काय बरोबर दिसायला लागतं? (बाबांनी स्वतःबद्दल असला दावा कधी केलेला नाही, काकाच म्हणतात.)

निवांत_मुलुंड

सुंदर प्रश्न. बाबांना नमस्कार सांगा. वाचतोय.

टोकाचा डबा

माझं साधं उदाहरण. दादरला आपली लोकल उभी असते, शेजारची सुटते, आणि आपल्याला वाटतं आपलीच चालली. वीस वर्षं रोजचा प्रवास आहे माझा, ही गंमत पूर्ण माहीत आहे, तरी पोटात तो हलल्याचा झटका बसतोच बसतो. फरक एवढाच की पहिल्या दिवशी मी उठून दाराकडे धावलो होतो आणि आता नुसतं प्लॅटफॉर्मच्या खांबाकडे बघतो आणि बसून राहतो. तर मला वाटतं ज्ञानी माणसाचं असंच होत असावं. दिसणं तेच राहतं, धावणं बंद होतं.

ज्ञानेश्वरीत चौथ्या अध्यायात अगदी हाच दाखला आहे, नावेत बसलेल्याला काठावरची झाडं पळताना दिसतात आणि नीट बघितल्यावर कळतं की झाडं जागच्या जागी आहेत. लोकल नव्हती म्हणून नाव घेतली माउलींनी :)

पैलतीर

टोकाचा डबा, तिथेच पुढे दोन ओव्या वाचा की. सूर्य न चालता चालल्यासारखा दिसतो असं माउलींनी स्पष्ट म्हटलंय. १२९० साली! युरोपात कोपर्निकसचं पुस्तक आलं १५४३ मध्ये. दुर्बीण नाही, काही नाही, हे दिसलं कसं? आतून दिसलं. धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

भिंगातून

@पैलतीर, माझंही माउलींवर तेवढंच प्रेम आहे म्हणून बोलतोय. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलंय की पृथ्वी फिरते म्हणून तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, आणि त्याने दाखला कुठला दिलाय बघा, नावेत बसलेल्या माणसाला काठावरच्या गोष्टी उलट्या जाताना दिसतात तसं. म्हणजे नाव आणि आकाश ही जोडी माउलींच्या जवळजवळ आठशे वर्षं आधीपासून आपल्याकडे होती. माउली बहुश्रुत होते, ऐकलेलं असेल, वाचलेलं असेल. आणि दृष्टांत कशासाठी देतात, तर समोरच्याला पटलेल्या गोष्टीवरून न पटलेली गोष्ट समजावून द्यायला. तिथे विषय कर्म करूनही अकर्ता राहण्याचा चाललाय, खगोलाचा नाही. त्यांचं मोठेपण त्या विषयात आहे, ते आपण कोपर्निकसच्या तारखेवर कशाला टांगायचं?

पैलतीर

आर्यभटाचा दाखला माहीत नव्हता. बघतो.

कांजूरचा सिद्धार्थ

आमच्याकडे, म्हणजे बौद्ध परंपरेत, याला शब्दच आहे, यथाभूत. जसं आहे तसं. त्यामुळे काकांचं वाक्य मला परकं वाटलं नाही. पण 'जसं आहे तसं' म्हणजे कशाबद्दल? सगळं अनित्य आहे, त्यात दुःख आहे, 'मी' म्हणून धरून ठेवावं असं काही नाही, याबद्दल. बसच्या नंबराबद्दल नाही.

मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात, ज्यात मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे, हे आलेलंच आहे (तोच मिलिंद, ज्याचं नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला दिलं). भदंत नागसेन राजाला सरळ सांगतात की अर्हताला, म्हणजे मुक्ती मिळालेल्याला, एखाद्या बाईचं पुरुषाचं नाव-गोत्र माहीत नसेल, एखादा रस्ता माहीत नसेल. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. मुक्ती त्याला माहीत आहे, रस्ता माहीत नसेल तर तो विचारेल.

आता स्वतःचा अनुभव. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला दोनदा जाऊन आलोय. दुसऱ्या वेळी सहाव्या दिवशी डावा गुडघा असा पेटला की उठून पळून जावं, आणि मग बघता बघता ते दुखणं फुटलं, म्हणजे 'दुखणं' अशी एक गोष्टच राहिली नाही, बारीक बारीक ठिणग्या येतायत जातायत, गरम, मग मुंग्या, मग काहीच नाही. इतकं स्पष्ट मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं. शंभर टक्के खात्री झाली की गुडघ्याला काही झालेलं नाही, मनाने उभा केलेला बागुलबुवा आहे. घरी आल्यावर दोन महिने त्याच खात्रीवर कांजूरचा जिना चढलो उतरलो. शेवटी बायकोने ओढून डॉक्टरकडे नेलं, एमआरआयमध्ये गादी फाटलेली निघाली. डॉक्टर म्हणाले लवकर यायला हवं होतं.

मी ह्यावर खूप विचार केलाय. ठिणग्या खऱ्याच होत्या, ते बघणं खोटं नव्हतं. पण 'म्हणून गुडघा ठीक आहे' हे त्या बघण्यात कुठेच नव्हतं, ते मी वरून चिकटवलं, आणि बघणं इतकं स्वच्छ होतं की चिकटवलेलंही तेवढंच स्वच्छ वाटलं.

माऊ_ठाणे

सिद्धार्थदादा, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. गुडघा कसा आहे आता?

कांजूरचा सिद्धार्थ

माऊताई, ऑपरेशन झालं, आता बरा आहे. खुर्चीवर बसून ध्यान करतो.

भिंगातून

माझं काम डोळ्यांचंच आहे, परळला नंबर तपासतो, म्हणून चादरीबद्दल लिहितो. मोतीबिंदूत आतलं भिंग हळूहळू पिवळसर, मग तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं सावकाश होतं की मेंदू त्यालाच पांढरं मानून चालतो आणि माणसाला काही कमी झाल्याचं जाणवतच नाही. ऑपरेशननंतर रोज कोणी ना कोणी विचारतं, भिंतीला रंग दिला का म्हणून. ह्याला ध्यान काय करणार? प्रकाश आतच येत नाहीये.

आणि निरोगी डोळ्याचंही तसंच आहे. जिथून नस बाहेर पडते तिथे दृष्टिपटलावर काही दिसतच नाही, आंधळा ठिपका. मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून टाकतो. तो ठिपका तुम्हाला, मला, काकांना आणि काकांच्या महाराजांनाही आहे. सारख्या लांबीच्या दोन रेघा, एकीला आत वळलेले बाण, दुसरीला बाहेर वळलेले, हे चित्र सगळ्यांनी बघितलं असेल. पट्टी लावून मोजा, सारख्या आहेत म्हणून पाठ करा, परत बघितलं की एक लांब दिसणारच. तेव्हा 'जग जसं आहे तसं डोळ्यांना दिसणं' ही सोय माणसाच्या शरीरात नाहीच. मोजपट्टी वापरावी लागते, नाहीतर शेजारच्याला विचारावं लागतं.

गच्चीवरून

अवांतर होईल पण लिहितेय. माझ्या आत्याला छातीत गाठ होती. ज्यांच्याकडे ती जायची त्यांनी डोळे मिटून सांगितलं, मला दिसतंय, गाठ विरघळतेय. आत्या शिकलेली होती, शाळेत गणित शिकवायची. आठ महिने आम्हाला कोणाला तिने हात लावू दिला नाही. गेली.

मला लोक विचारतात तो माणूस भोंदू होता का. मला खरंच माहीत नाही. त्याने पैसे मागितले नाहीत. कदाचित त्याला खरंच दिसत असेल. माझा राग त्या 'दिसतंय' शब्दावर आहे, कारण त्यापुढे आम्ही काय बोलणार? आमच्याकडे नुसते रिपोर्ट होते. डॉ. दाभोलकर सांगत राहिले की तपासून बघा, तपासायला हरकत का असावी, आणि २०१३ मध्ये त्यांचा खून झाल्यावर कुठे आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. आत्या त्याच्या आधीच गेली.

तेव्हा धागाकर्ती, हा प्रश्न नुसता तत्त्वज्ञानाचा नाही. काकांना प्लॉटचं विचारू दे, पण तब्येतीचं विचारायला लागले तर प्लीज मध्ये पडा.

माऊ_ठाणे

🙏 काय बोलू ताई.

पैलतीर

गच्चीवरून ताई, वाईट वाटलं. पण तो माणूस ज्ञानी नव्हता हो. खरा ज्ञानी असं सांगणारच नाही.

गच्चीवरून

हे मला इतक्या वर्षांत फार वेळा ऐकवलंय लोकांनी. चुकला की तो ज्ञानी नव्हता. म्हणजे ज्ञानी कधी चुकत नाही हे वाक्य कायम खरंच राहणार. आत्याने आधी ओळखायचं कसं होतं ते सांगा.

टोकाचा डबा

ओळखण्यावरून गोरोबाकाकांची गोष्ट आठवते. सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं, आणि कच्चे निघाले कोण तर नामदेव, ज्यांच्याशी पांडुरंग बोलायचा! प्रत्यक्ष देवाचं दर्शन होऊनसुद्धा कच्चं. म्हणजे दिसणं हा पुरावा आपल्या संतांनीही धरलेला नाही. नामदेव चिडले ते मडकं कच्चं असल्याची खूण होती.

उपरणं

मी निवृत्त संस्कृत शिक्षक, वय ८१, नातवाकडून टाइप करून घेतोय, तो कंटाळायच्या आत आटोपतो.

शंकराचार्यांनी सत्तेच्या पायऱ्या मानल्या. दोरीवर साप दिसतो तो प्रातिभासिक, म्हणजे नुसता भास, दोरी ही व्यावहारिक, म्हणजे रोजच्या व्यवहारातली, आणि ब्रह्म पारमार्थिक, म्हणजे अंतिम खरं. ज्ञानाने तिसरं कळतं. दुसऱ्या पायरीवरचे नियम त्याने बदलत नाहीत, दोरीची लांबी मोजायची तर ज्ञान्यालाही मोजावीच लागते.

आणि धागाकर्तीच्या वडिलांच्या डोळ्यावरून मला जे आठवलं ते सांगायचा मोह आवरत नाही. ब्रह्मसूत्रभाष्यात चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच पादात प्रश्न आलाय की ज्ञान झालं तर शरीर लगेच का पडत नाही, जग दिसायचं का थांबत नाही. आचार्य म्हणतात, खोटं ठरलेलं ज्ञानसुद्धा संस्कारामुळे काही काळ चालू राहतं, दोन चंद्र दिसण्यासारखं. तिमिर नावाच्या विकारात एका चंद्राचे दोन दिसतात, हा जुन्या ग्रंथांतला नेहमीचा दाखला. चंद्र एकच आहे हे कळल्यावर दुसरा लगेच पुसला जात नाही, तो दिसत राहतो, फक्त त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ज्ञान्याला डोळ्यांचा विकार असू शकतो हे आचार्यांनी गृहीत धरलंय आणि आपण मात्र त्याच्याकडून निर्दोष डोळ्यांची अपेक्षा करतो.

भिंगातून

सर, दंडवत. माझ्या धंद्यातली गोष्ट जोडतो, मोतीबिंदूत खरंच एकाच डोळ्याने दोन प्रतिमा दिसू शकतात. दुसरा डोळा झाकला तरी दोन. पेशंट सांगतात, दिव्याच्या भोवती अजून दिवे दिसतात म्हणून.

सी_वॉर्ड

मी खेतवाडीतली. दहाव्या गल्लीत निसर्गदत्त महाराज राहायचे हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल, विडीचं दुकान, घरात पोटमाळा आणि त्या पोटमाळ्यावर जगभरातून लोक येऊन बसायचे. माझे आजोबा जायचे. महाराज शिकलेले फार नव्हते, बोलायचे मराठीत, परदेशी लोकांसाठी दुभाषे असायचे. मला लहानपणापासून ही गोष्ट फार आवडते, की ज्यांना 'मी कोण' हे कळलं असं सगळं जग मानतं त्यांना समोरचा काय विचारतोय हे कळायला शेजारच्या माणसाची गरज लागायची, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटायचं नाही. १९८१ ला घशाच्या कॅन्सरने गेले. त्यांनी दुखण्याबद्दल लपवाछपवी केली नाही, बोलता येईल तोपर्यंत बोलत राहिले.

ज्ञान म्हणजे इंग्रजी येणं नाही हे आजोबांना पक्कं माहीत होतं. मग प्लॉट कळणं कुठून आलं?

एकच_प्याला_चहा

आमची आई एक दिवस ध्यानाला बसलेली नाही पण मी खोटं बोलतोय हे दाराची कडी वाजवण्यावरून ओळखते. तिला कुठल्या पायरीवर टाकायचं उपरणं सर?

उपरणं

सर्वात वरच्या. (हे नातवाने नाही, मीच सांगितलंय.)

निवांत_मुलुंड

धर्मकीर्तीचा एक श्लोक सांगायचा राहतोय सगळ्यांचा, सातव्या शतकातला बौद्ध आचार्य. लोक विचारायचे की बुद्ध सर्वज्ञ होता का, जगात किडे किती हे त्याला ठाऊक होतं का. धर्मकीर्ती म्हणतो, किड्यांची मोजदाद आम्हाला काय कामाची? त्याला लांबचं दिसो न दिसो, जे महत्त्वाचं ते दिसलं म्हणजे झालं. लांबचं दिसणं हीच कसोटी असेल तर चला, गिधाडांची पूजा करू.

अर्थात जैन परंपरेला हे मान्य होणार नाही, तिथे केवलज्ञान म्हणजे खरोखर सगळ्याचं ज्ञान. म्हणजे आपण 'साक्षात्कार' हा एकच शब्द वापरतोय पण त्यात काय मिळतं यावर आपल्याच मातीत दोन हजार वर्षं भांडण आहे.

पैलतीर

मी दोन दिवस लिहिलं नाही, विचार करत होतो. आर्यभटाचं बघितलं, भिंगातून बरोबर आहेत. गच्चीवरून ताईंना दिलेलं उत्तरही मी मागे घेतो, त्यांनी विचारलेल्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण तुम्ही सगळे मिळून गोष्ट फार लहान करून टाकताय असं मला अजून वाटतं. डोळा नाही सुधारत, भाषा नाही येत, गुडघा नाही कळत, मग मिळालं काय? नुसतं मनाला बरं वाटणं? त्यासाठी लोकांनी घरंदारं सोडली? काहीतरी तर खरं दिसत असलंच पाहिजे ना, जे आपल्याला दिसत नाही.

खिडकीजवळची

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. गच्चीवरून, तुमचं लक्षात ठेवते. मी हा सगळा धागा बाबांना रोज थोडा थोडा वाचून दाखवला, थेंब घालून झाले की वीस मिनिटं डोळे मिटून पडायला लागतं तेव्हा.

पैलतीर, तुमच्या प्रश्नावर मला एक आठवलं. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती. बिल्डरचा माणूस बोलून गेला आणि नंतर दोन तास भांडणं. अर्धी माणसं म्हणत होती तो तीनशे फूट जास्त देतोय, सही करून टाकू. उरलेले म्हणत होते तो फसवणार, आत्ताच दिसतंय. मीसुद्धा दुसऱ्या पार्टीत. बाबा मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, शेवटी म्हणाले, "तो 'तीनशेपर्यंत' म्हणाला." एवढंच. कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं, लावून ऐकलं तर खरंच 'तीनशेपर्यंत'. चाळीस माणसं होती त्या गच्चीत, एकालाही तो शब्द ऐकू आला नव्हता. ज्यांना हवं होतं त्यांनी हवं ते ऐकलं आणि ज्यांना भीती होती त्यांनी भीती ऐकली. मी तर पुढच्या रांगेत होते.

आणि त्याच मीटिंगमध्ये हातात दिलेल्या कागदावरचा ३ त्यांनी ८ वाचला होता, आकड्याच्या बाबतीत सेक्रेटरींनी त्यांना दुरुस्त केलं. तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं, आता कळतं मोतीबिंदू होता. मला वाटतं मला माझं उत्तर तिथे मिळालं. 'पर्यंत' ऐकू येण्याच्या मध्ये आपलं जे काही येतं ते बाबांचं येत नाही, पंचेचाळीस वर्षांत झिजून गेलंय. तीन आणि आठच्या मध्ये जे येत होतं त्याला डॉक्टरच लागला.

पैलतीर

हे पटलं. आणि हे लहान नाही.

कांजूरचा सिद्धार्थ

ताई, मी गुडघ्याच्या वेळी नेमकं उलटं केलं होतं. मला ठीक असायला हवं होतं.

भिंगातून

बाबांचा दुसरा डोळा कधी? आणि त्यांना दोन दिसायचं का, विचारा जमलं तर. कुतूहल आहे.

खिडकीजवळची

विचारलं. उपरणं सर, तुमचं दोन चंद्रांचं वाचून दाखवलं तेव्हा ते डोळे मिटूनच हसले होते, का ते तेव्हा सांगितलं नाही. आज म्हणाले की कोजागिरीला गच्चीवर दूध प्यायला बसलो होतो तेव्हा मला दोन दिसत होते, एकाला चिकटून दुसरा, जरा फिकट. मी म्हटलं बाबा, सांगायचं नाही का, आपण आधीच गेलो असतो डॉक्टरकडे. तर म्हणे मला माहीत होतं एकच आहे, मग सांगायचं काय? आई आतून ओरडली, "सांगायचं की डोळा बिघडलाय!" त्यावर ते म्हणाले, हो, ते मात्र चुकलं माझं.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय. सत्संगातले काका गाडी घेऊन येणार आहेत.

भिंगातून

छान. डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, आणि रात्री प्लॅस्टिकची ढाल लावूनच झोपवा.